व्हर्नाचं बाक

ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, कड्याच्या अगदी टोकाशी, लोरेटाने आईच्या नावाचं बाक बसवून घेतलं होतं. पाठीवरच्या पितळी पाटीचा मजकूर तिनेच लिहून दिला होता : 'व्हर्नाच्या आठवणीत. या समुद्रावर तिचा फार जीव होता.'

बाक बघायला ती पहिल्यांदाच आली, तर एक आजीबाई त्यावर ऐसपैस बसून सँडविच खात होत्या.

"ये गं, बस. पुष्कळ जागा आहे," त्या जरा सरकल्या. "ही व्हर्ना तुझी कोण?"

"आई."

"नशीब काढलं हो तिनं! नाहीतर आमची लेक. दाताच्या डॉक्टरपलीकडे मला कुठे नेईल तर शपथ! किती वर्षं येत होतात तुम्ही इथे?"

"बावीस उन्हाळे," पाटी पाठीने झाकत लोरेटा म्हणाली.

"बावीस! आणि आईला सगळ्यात जास्त काय आवडायचं गं इथलं?"

"लाटांचा आवाज."

एवढं तरी अगदी खरं होतं.

.

.

दर उन्हाळ्यात लोरेटा इथूनच फोन समुद्राकडे धरायची; आणि तिकडे आयडाहोत, लेकीचे कुत्रे सांभाळायला घरी राहिलेली व्हर्ना पोटभर ऐकून झालं की विचारायची, "पुढच्या वर्षी मला नेशील ना गं?"