हळदीखाली

मोठे संकट दारात उभे राहिले की मनुष्य धावत सुटतो. लहानसे दिसले की थांबतो, आणि त्या थांबण्याला धीर असे नाव देतो. थोरांच्या बाबतीत ही चूक पुष्कळदा निभावून जाते. अर्भकाला मात्र आपली व्यथा सांगण्यास वाणी नसते. त्याच्या वतीने कोणी बोलावे आणि केव्हा बोलावे, हा भार दैवाने घरातल्या मोठ्यांवर टाकलेला आहे.

तुळजापुरात पुराण सांगणारे तात्या सकाळची पूजा आटोपून ओसरीवर आले, तेव्हा आतून लेकीची हाक आली. प्रमोदिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सटवाईची पूजा नुकतीच झाली होती. बाळंतिणीला आणि बाळाला दहा दिवस शिवायचे नाही, म्हणून तात्यांनी नातवाला पाहिले होते ते उंबऱ्याबाहेरून, चिमणीच्या उजेडात. वारा लागू नये म्हणून त्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावलेली होती.

"तात्या, बाळाचे डोळे मला पिवळे दिसतायत. दवाखान्यात नेऊ या का?"

तात्या बोलण्याआधीच, बाळाला नुकतेच न्हाऊ घालून बसलेली विठाबाई हसली. "अगं पोरी, रोज म्या हळद आन् डाळीचं पीठ चोळतीया अंगाला. पिवळं न्हाय तर काय हिरवं दिसंल व्हय?"

शेगडीवर ओवा टाकणाऱ्या चंद्रप्रभाबाईही हसल्या. "पहिलटकरणीला सगळंच दिसतं, बाई. तुझ्या वेळी मला तुझं नाक वाकडं दिसत होतं."

"आई, डोळ्यांत कुणी हळद घालतं का?"

"काजळ घालतो ना. काळ्यापुढं तसं दिसतं."

"आणि दूध? कालपासून धड ओढत नाही. तोंडाशी धरलं की झोपतो."

"लई गुणी हाय लेकरू," विठाबाई म्हणाली. "आज न्हाताना एक डाव बी रडलं न्हाय. आमच्या बब्रुवानानं तर निस्ता तांब्या बगितला तरी गल्ली गोळा केली हुती."

ते शेवटचे बोलणे तात्यांच्या मनाला कुठेतरी टोचले. आधीच्या दिवसांत, पूजेला बसल्यावर आतून येणाऱ्या रडण्याने त्यांचे मंत्र चुकत. आज एकही चुकला नव्हता, आणि त्याचे त्यांना समाधान वाटले होते.

तरीही ते म्हणाले, "दहा दिवस होऊ देत, बाळ. डॉक्टर काही घरी येत नाहीत, आणि सोयरातलं लेकरू रस्त्यावर काढलं तर तुझ्या सासरचे आम्हालाच बोल लावतील. दवाखाना काय, गल्लीच्या टोकाशी तर आहे. कुठं पळून जातोय?" हे त्यांनी पुराण सांगण्याच्याच स्वरात सांगितले. त्या स्वरापुढे सहसा कोणी बोलत नसे.

प्रमोदिनीने जुन्या धोतराचे फडके कोमट पाण्यात भिजवले आणि बाळाचा एक तळपाय चोळून पुसला. फडके पिवळे झाले.

"बग, उतरली का न्हाय हळद?" विठाबाई म्हणाली.

प्रमोदिनीने दुसरे फडके भिजवले आणि पुन्हा पुसले. या वेळी फडके पांढरेच राहिले. ती बाळाला घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि तो चिमुकला पाय तिने बाहेरच्या उजेडात धरला. पाय पिवळाच होता.

विठाबाई लगबगीने उठली. "थांब, म्या काढते घासून." तिने फडके घेतले, अंगठ्याने दाबून दाबून चोळले, उलटून पाहिले, झटकून पुन्हा पाहिले. मग ते तिच्या हातातच राहिले. तिचे हसू मावळले होते.

तात्या उंबऱ्याशी येऊन वाकले. इतका वेळ चोळूनही बाळाने पाय ओढून घेतला नव्हता.

"अहो, शिवाल!" चंद्रप्रभाबाई ओरडल्या. तोपर्यंत तात्यांनी हात पुढे करून बाळ उचललेही होते.

"प्रमोदिनी, चल."

"अहो, निदान तिच्या कानांना काही बांधू द्या—"

"आत्ता."

पूजेच्या रेशमी मुकट्यातच, अनवाणी, तात्या गल्लीत उतरले. मागे भिंतीचा आधार घेत लेक. समोरच्या दारात गिरिजाबाई तांदूळ निवडत होत्या. "सोवळ्यात, आणि हातात सोयरातलं लेकरू! कलियुग आलं म्हणायचं, तात्या," त्या म्हणाल्या. तात्यांनी मान वळवली नाही. उघड्या उन्हात त्यांना प्रथमच नातवाचा चेहरा दिसत होता, आणि त्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

दवाखान्यात कंपाउंडर टाक दौतीत बुडवून बसला होता. "नाव?" त्याने खाली पाहूनच विचारले.

"नाव अजून ठेवलेलं नाही."

"काहीतरी सांगा, महाराज. कोरं कसं सोडू?" असे म्हणून त्याने मान वर केली. बाळाकडे पाहिले. टाक तसाच टाकून तो उठला आणि, "डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब," अशा हाका मारत आत धावला.

बाकावर प्रमोदिनी बापाला खेटून बसली होती. अर्ध्या गावाच्या लेकरांची नावे तात्यांनी नक्षत्र पाहून काढून दिली होती. आता त्यांना एकही नाव सुचेना. बारशाला जसे नाव सांगतात, तसे त्यांनी बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेले आणि फक्त लेकीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"आयुष्मान हो, बाळा. आयुष्मान हो."