अस्तर

करवत थांबली. मग आतून नवऱ्याचा आवाज आला, "आता आपण ही बाजू घेऊ."

ती कारखान्याच्या दारातच थबकली. तिच्या हातात पांढऱ्या साटीनची घडी होती. शवपेट्या तो करायचा आणि त्यांचं आतलं अस्तर ती शिवायची. "आपल्या धंद्यात माल कधी परत येत नाही," असं तो एरवी गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचा आणि ती त्याला दटावायची. आज गिऱ्हाईक कुणी नव्हतं. समोरची फळी इतकी आखूड होती, की मुद्दाम कापून काढलेली वाटत नव्हती, दुसऱ्या कामातून उरलेली वाटत होती.

त्यांची लेक भिंगरी घरात खाटेवर होती. दुसरीत गेली होती. ताप मेंदूत गेला, डॉक्टर म्हणाले.

सकाळपासून बायका येऊन बसल्या होत्या. चर्चच्या मंडळीत कुणाच्याही घरी काही झालं की प्रार्थना तीच करायची. 'हे दयाळू पित्या, आम्ही तुझी लेकरं तुझ्या चरणी येतो,' अशी सुरुवात झाली की पुढचे शब्द बॉबिनवरून दोरा सुटावा तसे सुटत जायचे. आज तिनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. थोरल्या जाऊबाईंना राहवलं नाही. "लोकांच्या दारात तासभर चालते तुझी प्रार्थना. आज स्वतःच्या घरात तोंडाला कुलूप?" मग त्याच पुढे होऊन म्हणाल्या, "आण तो कपडा. मी चार खिळे मारून बसवते. कोण बघतंय आतून!"

ती कापड उचलून बाहेर आली होती. नवऱ्याला सांगायला, की आपल्याकडून हे शिवून होणार नाही.

"जरा धरू आपण हिला," तो आत म्हणत होता. "हळू. कोपरा फुटेल."

लग्न झाल्यापासून ती हे ऐकत आली होती. आपण आज दाराची चौकट घेऊ. आपण सरस लावू. सुरुवातीला ती हातातलं काम टाकून धावायची. मग तिला कळलं, की याची बोलायची तऱ्हाच तशी आहे. आज मात्र तो शब्द तिला टोचला.

"मला नका ओढू त्यात," ती दारातून म्हणाली. "हात नाही लागणार माझा. अस्तरही नाही होणार माझ्याच्यानं."

त्यानं मान वर केली. भुवयांवर भुसा बसला होता.

"तुला नाही म्हटलं मी."

"मग कुणाला? आहे कोण इथे?"

त्यानं फळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"रोज ज्याला म्हणतो त्यालाच. त्याला येतं हे काम. सुताराच्याच घरात वाढला तो."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा आवाज चिरकला. "त्याला? तिला ज्यानं नेलं त्याला?"

"भांडलोय ना. सकाळपासून नाही नाही ते बोललोय." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पण जा म्हणून नाही सांगितलं. एकट्यानं कशी करू गं मी ही पेटी?"

त्यानं रंधा उचलला. पातळ, गोल सालं खाली पडू लागली. भिंगरी ती बोटांत अंगठ्यांसारखी घालून घरभर मिरवायची.

ती घरात परतली. जाऊबाई बायकांना घेऊन ओट्याशी चहाचं बघत होत्या. खोलीत खाट, शिवणाचा बाक आणि ती, एवढंच होतं. दाराशी भिंगरीच्या चपला होत्या, नेहमीसारख्या डावीच्या जागी उजवी. 'आम्ही जरा जाऊन येतो' असं कुणी म्हटलं की या दारात तिचा ओठ बाहेर यायचा. 'चला, आपण जाऊ' म्हटलं की ती त्याच चपला उलट्या अडकवून सगळ्यांच्या आधी रस्त्यावर. त्या दोन शब्दांतला फरक घरात तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. मागे एकदा सगळ्या बायकांसमोर, प्रार्थना चालू असतानाच, तिनं विचारलं होतं, "आई, तू देवाला सारखं आम्ही-आम्ही का म्हणतेस? त्याला घ्यायचं नाही का आपल्यात?"

बायका खुदकन हसल्या होत्या. आईनं डोळे मिटल्या मिटल्याच तिच्या दंडाला चिमटा काढला होता.

तो दंड आता चादरीबाहेर होता. तिनं तो आत घेतला.

मग ती बाकावर बसली आणि कापड मांडीवर उलगडलं. माप घ्यायची गरज नव्हती. गेल्याच महिन्यात भिंगरीच्या फ्रॉकची शिवण उसवून तिनं दोन बोटं वाढवली होती. तिनं सुई धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. दोरा सुईत जाईना. पुन्हा ओलं केलं. डोळ्यांपुढे सुईच दिसत नव्हती. बाहेर रंधा चालू होता. मध्ये थांबला, नवऱ्याचे दोन शब्द ऐकू आले, पुन्हा चालू झाला.

'हे दयाळू पित्या,' तिनं मनात सुरुवात केली. पुढचं सगळं पाठ होतं. तिनं ते तिथेच सोडलं.

तिनं बाक खिडकीशी ओढला.

"इथे उजेड आहे," ती हळूच म्हणाली. "आपण इथे बसू."

आणि ती बाकावर थोडी सरकून बसली.