दुसरं अंडं
सरांनी शोधलेलं प्रथिन गर्भात नव्या रक्तवाहिन्या फुलवतं, हे त्यांच्या विद्यार्थिनीने आज औषध कंपनीच्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. तिने कवचाला खिडकी पाडलेली कोंबडीची दोन अंडी मांडली. एकात प्रथिनात भिजवलेला मणी होता, दुसऱ्यात नुसत्या मिठाच्या पाण्यातला. दोन्ही मण्यांभोवती रक्तवाहिन्यांचं लाल जाळं सारखंच दाटलेलं. म्हणजे करामत प्रथिनाची नव्हतीच! “दुसरं फेकून दे,” सर दबक्या आवाजात म्हणाले, “इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरेल.” “फिरू दे, सर. उद्या हेच औषध म्हणून रुग्णांच्या नसांत जाईल.” “मग प्रबंधावरची माझी सही विसर, डॉक्टरेटही विसर.” तिची आई शेजारीपाजारी आत्तापासूनच ‘आमची डॉक्टर’ म्हणत होती. तेवढ्यात पाहुणे आले. तिने तेच दुसरं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. पडद्यावर दाट लाल जाळ्यात इवलंसं हृदय धडधडू लागलं. “आधी हे बघा,” ती म्हणाली, “यात प्रथिनाचा थेंबही नाही.”