दुसरा डोळा

पोरीच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते बघून डॉक्टरीणबाईंनी तिला पटकन खुर्चीत बसवलं.

तीन महिन्यांपूर्वी घरच्याच कुत्र्याने या सहा वर्षांच्या पोरीची खालची पापणी नाकाच्या बाजूने टरकावली होती. पापणी काय, कुणीही शिवेल. खरी मेख कोपऱ्यातल्या नळीत असते. डोळ्यातलं पाणी तिच्यातूनच नाकात उतरतं. केसाएवढी ती नळीही तुटली होती. बाईंनी दोन तास डोळ्यांत तेल घालून तिची तुटकी टोकं शोधली, आत सिलिकॉनचा धागा ओवला आणि वरून टाके घातले. एकटीने केलेलं त्यांचं हे असलं पहिलंच ऑपरेशन. नळी बुजली तर डोळा जन्मभर पाझरत राहणार होता. मागच्या आठवड्यात धागा काढला आणि आज बघा, पाणी!

"सकाळपासून असंच चाललंय हो," आई म्हणाली आणि केसपेपरवर शिक्का मारून आणायला बाहेर गेली.

बाईंनी त्या डोळ्यात पिवळ्या औषधाचा थेंब टाकला. पाच मिनिटं थांबायचं होतं, ती काही केल्या सरेनात. मग त्यांनी पोरीच्या नाकाखाली पांढरा कागदी रुमाल धरला. "शिंकर बाळा, चांगलं जोरात." रुमालावर पिवळाजर्द डाग उमटला.

म्हणजे नळी उघडी होती! बाईंना अगदी नाचावंसं वाटलं. पण मग हे पाणी कुठलं?

"मॅडम, दुसरा डोळाही बघा की जरा," सिस्टर हळूच म्हणाल्या.

दुसराही वाहत होता. इतका वेळ बाईंच्या लेखी त्या पोरीला एकच डोळा होता. स्वतःच्या खुळेपणाचं त्यांना हसू आलं.

"अगं, तू रडतेयस होय! वेडाबाई, घाबरवलंस की मला. नळी एकदम झकास झालीये. येऊ दे तुझ्या आईला, आत्ता सांगते डोळा बरा झाला म्हणून."

पोरीने त्यांचा हात घट्ट धरला. "नका ना सांगू."

"का गं?"

"डोळा बरा झाला की बाबा कुत्र्याला परत घरी आणणार आहेत."