निरोगी नमुना

जबड्याखाली बोटं चोळत ऋजुताने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बशीतल्या तिच्याच रक्तातल्या पेशी जिवंत होत्या. चकचकीत, गोल, एकमेकींना बिलगलेल्या.

खरं तर त्या मरायला हव्या होत्या. रोगाशी लढणाऱ्या पेशीच्या केंद्रकाला दारं असतात आणि ‘जगत राहा’ हा सांगावा दारावरच्या एका प्रथिनामुळे आत पोचतो. ते प्रथिनच तिने काढून टाकलं होतं. सांगावा आला नाही की पेशी निमूटपणे मरते. शेजारच्या बशीत सहकारी प्रफुल्लच्या रक्तातल्या पेशी तशाच मेल्या होत्या, काळवंडून, सुरकुतून.

"बश्यांची अदलाबदल झाली असेल," प्रयोगशाळेच्या प्रमुख धोंगडे मॅडम म्हणाल्या. "पुन्हा कर."

ऋजुताने पुन्हा स्वतःचं रक्त काढून घेतलं. निरोगी नमुना म्हणून प्रयोगशाळेत सगळे आपलंच रक्त द्यायचे. आपण निरोगी आहोत का, हे कुणी तपासत नसे. प्रफुल्लच्या पेशी याही वेळी मेल्या. तिच्या मात्र वाढल्या. जणू त्यांना आता कुणाच्या सांगाव्याची गरजच उरली नव्हती.

"मॅडम, या मरतच नाहीत," ती हरखून म्हणाली. "काहीतरी नवीनच सापडलंय."

मॅडमनी बराच वेळ भिंगात पाहिलं. मग मान वर करून त्या ऋजुताच्या हाताकडे बघत राहिल्या.

"जबड्याखाली हे केव्हापासून चोळतेस गं?"

अक्कलदाढ येतेय, असं ती सांगणार होती. पण बोटांखालची गाठ कधी दुखलीच नव्हती.