गार दूध

दिगंबरराव इस्पितळातून घरी आले. कित्येक वर्षांनी घशात जळजळ नव्हती. पोटातलं आम्ल वर येऊन पोळलेला घसा काढून डॉक्टरांनी त्यांच्याच पेशींपासून वाढवलेला नवा घसा बसवला होता. "आवाज बदलेल," असं ते म्हणाले होते. दिगंबररावांनी हसून मान डोलावली होती.

"यमू, आलो गं."

दृष्टी आणि आठवण दोन्ही हरवत चाललेल्या यमुनाबाईंनी घाईने पदर सावरला. "कोण आपण? हे घरी नाहीत."

ते सवयीने खाकरले. ते खाकरणंही परकंच निघालं.

"अगं, मीच."

"चेष्टा पुरे! त्यांचा आवाज ओळखते मी. बसा, येतीलच."

दिगंबरराव अवघडून खुर्चीच्या कडेवर बसले.

"चहा देते. गार दूध मात्र मागू नका हं, त्यांच्या घशासाठी ठेवलंय."