एकटा वाघ

"हे बगा, आठ दिस झाले कुणीतरी मागं लागलंय," म्हणत वर्षाराणीनं आपला मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला.

सत्यमनं पाहिलं. 'एकटा वाघ' नावाचं खातं. फोटोत माणूस नाही, नुसती बुलेट. मेसेज वाचायची त्याला गरजच नव्हती. ते त्यानंच लिहिले होते.

उसाची मोळी डोक्यावर घेऊन फडात हसणारी तिची रील हजारो लोकांनी पाहिली, तेव्हापासून त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. परक्या पोरांनी टाकलेले बदाम बघून त्याला जेवण गोड लागेना. मग त्यानं खोटं खातं काढून बायकोची परीक्षा घ्यायची ठरवली. तिनं एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या कुणी देवाला नारळ फोडला असता. सत्यमला वाटलं, ह्याला देत नाही म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी देत असणार. संशयाला औषध नसतं. वाघ जास्तच गुरगुरू लागला. कालचा मेसेज होता, 'हिरव्या साडीत हौदावर होतीस. मला सगळं दिसतं.'

"हौदावर जायचं बी भ्याव वाटायलंय," वर्षाराणी म्हणाली. तिला रडू आवरेना.

दारात शेंगा फोडत बसलेली त्याची आई, भिवराबाई, चिडली. "बायकू रडायली आन् तू बघत काय बसलास? शिव्या दे की त्या मुडद्याला."

दोघींसमोर नाही तरी कसं म्हणणार? सत्यमनं बायकोच्या फोनवरून लिहिलं, 'कोण हायस बे? समोर ये.'

त्याच्या खिशात टुंग वाजलं.

त्यानं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं लिहिलं, 'तंगडं मोडीन.' खिसा पुन्हा वाजला.

"तुझा बी फोन वाजायलाय," आई म्हणाली. "बघ, कुणाचं काम असंल."

वर्षाराणीचं रडू थांबलं. तिनं त्याच्या हातातून आपला मोबाइल काढून घेतला, काहीतरी एक अक्षर दाबलं आणि त्याच्या खिशाकडं बघत पाठवून दिलं. टुंग. तिनं पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात बबनराव मुकादम अंगणात आले. दिवाळी झाली की त्यांची टोळी ऊसतोडीला कर्नाटकात निघणार होती. "काय सत्यम, यंदा बी पुरा कोयता ना? नवरा-बायको दोघं?"

"व्हय व्हय," सत्यम घाईनं म्हणाला.

"न्हाई मुकादम," वर्षाराणी म्हणाली. "ह्यांचा अर्धाच धरा. मी गावातच ऱ्हानार."

सत्यमची मान शरमेनं खाली जायला हवी होती. पण त्याच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की सहा महिने ही इथं, आणि फोन हिच्यापाशी.